आमच्या मेंढीकोटाची किंमत

सेमिनारचे विषय वाटले त्या दिवशी मला उठायला उशीर झाला, हे या सगळ्याचं मूळ. हॉस्टेलकरांना जास्त सांगायला नको. नळाला पाणी नव्हतं, मेसमधले पोहे संपले होते, आणि मी डिपार्टमेंटला पोचेपर्यंत ब्लॉकचेन, फाइव्ह-जी, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या असे सगळे 'सीनियरकडे पीपीटी तयार आहे' छाप विषय गेले होते. यादीच्या तळाला एकच ओळ उरली होती, 'एन्टँगल्ड खेळाडूंच्या क्वांटम खेळांचं मूल्य काढणे'. सर म्हणाले, "घेऊन टाक. यावर कोणी प्रश्न विचारणार नाही."

सरांचा अंदाज चुकला. प्रश्न विचारले गेले. फक्त ते सेमिनार हॉलमध्ये नाही, तर गिरगावातल्या एका चाळीच्या गॅलरीत विचारले गेले, आणि त्यातल्या एकाचं उत्तर देताना माझी जी अवस्था झाली ती अजून कुठल्याच व्हायव्हात झालेली नाही.

माझे आई-बाबा नाशिकला असतात. आजी-आजोबा मात्र गिरगावात, बाबा जिथे वाढले त्याच दोन खोल्यांत. दर रविवारी सकाळी मी दादरहून स्लो लोकल पकडते आणि चर्नी रोडला उतरते. (ऑक्टोबर २०२५ पासून दादरहून गिरगावला मेट्रोनेही जाता येतं, पण लोकलचा पास काढलेला आहे, आणि महिनाअखेर कोणाला चुकली आहे?) आजी-आजोबांची ओढ हे खरंच, पण आमच्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असते हेही तितकंच खरं.

आणि रविवारी तिथे मेंढीकोट असायचा.

ज्यांचं बालपण व्हिडिओ गेममध्ये गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेळणारे चौघं, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्याकडे तीन मेंढ्या आल्या त्यांचा डाव, चारही आल्या तर समोरच्यांवर कोट. बाकी नियम गल्लीगणिक बदलतात, पण एक कुठेच बदलत नाही. भिडूशी बोलायचं नाही! त्याच्या हातात काय आहे ते त्याच्या उतारीवरून ओळखायचं.

आमच्याकडे एका बाजूला आजी आणि शेजारच्या मावशी, दुसऱ्या बाजूला आजोबा आणि लालबागचे काका. हे काका रक्ताच्या नात्यातले नव्हेत. परळच्या एका गिरणीत ते साच्यावर होते आणि आजोबा हजेरी लिहायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले हे दोघं. 'आज मिटेल, उद्या मिटेल' म्हणत त्यांनी आमच्या गॅलरीत पत्ते पिसायला सुरुवात केली. संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. काकांच्या हाताला साचा परत लागला नाही. त्यांनी हमाली केली, वॉचमनकी केली, शेवटी लालबागची खोली विकून मुलाकडे डोंबिवलीला गेले. तरी आम्हा सगळ्यांसाठी ते 'लालबागचे काका'च राहिले, आणि त्यांनी रविवार चुकवला नाही.

आजीचं म्हणणं असं की ही जोडी लबाड आहे. साचेखात्यात इतका खडखडाट असायचा की शेजारच्या माणसाने ओरडून सांगितलेलंही ऐकू यायचं नाही. तिथे माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायची. अशा शाळेत शिकलेला भिडू मिळाल्यावर काय होणार? आजीच्या मते काकांनी कान खाजवला की बदाम आणि जांभई दिली की किलवर. आजोबा शांतपणे म्हणायचे, "आमची मनं जुळलीत." आजी म्हणायची, "मनं नाही, खुणा जुळल्यात."

तर अशा एका रविवारी आजोबांनी विचारलं, "सध्या काय चाललंय कॉलेजात?"

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलते, पण विज्ञान मराठीत सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. प्रॉबॅबिलिटीला 'संभाव्यता' म्हणतात हेही मला त्या दिवशी आजोबांनीच सांगितलं. एन्टँगल्डला काय म्हणायचं? मी म्हटलं, "गुंतलेले." मग आठवलं, अरे, माझा अख्खा विषय म्हणजे हाच मेंढीकोट तर आहे! दोन भिडू, बोलायची बंदी, आणि प्रश्न एवढाच की ते जास्तीत जास्त किती वेळा जिंकू शकतील. त्या 'जास्तीत जास्त'लाच खेळाचं मूल्य म्हणतात.

मी त्यांना या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ सांगितला. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी १९६९ मध्ये मांडलेल्या प्रयोगावरून तो आला, म्हणून त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला सीएचएसएच म्हणतात. मी पंच. दोन कॅट वेगवेगळे पिसून आजोबांना एकातला एक पत्ता दाखवणार, काकांना दुसऱ्यातला एक. बघायचं ते फक्त लाल की काळा. दोघांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. नियम असा की दोघांनाही लाल आला तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही प्रकारांत, म्हणजे काळा-काळा, काळा-लाल, लाल-काळा, उत्तरं सारखी हवीत. आधी बसून काय वाट्टेल ते ठरवा, पण खेळ सुरू झाल्यावर बोलायचं नाही.

पहिले वीस डाव झाले. वीसच्या वीस जिंकले!

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. सिद्धान्तानुसार हे अशक्य होतं. तेवढ्यात आजी म्हणाली, "यांना लाल आला की खोकला येतो, लक्षात आलं का तुझ्या?" आणि खरंच. काका दर वेळी 'हो' म्हणत होते, लाल आला की आधी खोकत होते, आणि आजोबा स्वतःचा पत्ता आणि काकांचा खोकला जुळवून उत्तर देत होते. एका बाजूचा एक खोकला पुरला, शंभर टक्के यश.

मग काकांची रवानगी मावशींचा मोबाईल देऊन खाली नाक्यावरच्या चहावाल्याकडे केली. आजोबा गॅलरीत. मी एका कानाला एक फोन, दुसऱ्याला दुसरा. आजी एका कागदावर आजोबांची उत्तरं लिहीत होती, मावशी दुसऱ्या कागदावर काकांची. चाळीस डाव झाले. कागद शेजारी ठेवून मोजले तर एकोणतीस जिंकलेले.

काका वर आले ते म्हणाले, "दोघांनीही सारखं 'हो' म्हणायचं ठरवलं होतं. चारातले तीन प्रकार आपोआप जिंकतो की." बरोबर, म्हणजे ७५ टक्के. यापेक्षा चांगलं काही ठरवता येईल का, हे आजोबांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर स्वतःच सोडवलं. "माझं काळ्याचं उत्तर तुझ्या काळ्याच्या उत्तरासारखं हवं. तुझ्या लालच्या उत्तरासारखंही हवं. म्हणजे तुझी दोन्ही उत्तरं एकच झाली. माझं लालचं उत्तर तुझ्या काळ्यासारखं हवं, म्हणजे ते तुझ्या लालसारखंही झालं. आणि नियम म्हणतो लाल-लालला वेगळं पाहिजे. अरे, चारही जमणारच नाहीत! एक सोडायलाच लागणार." माझ्या पुस्तकात हीच सिद्धता अर्ध्या पानाची आहे. आजोबा जुन्या मॅट्रिकचे.

इथपर्यंत सगळं मेंढीकोटच. पुढे क्वांटम येतं.

प्रकाशाचे दोन कण, दोन फोटॉन, एकाच ठिकाणी अशा रीतीने निर्माण करता येतात की त्यांचा गुंता होतो. एक आजोबांकडे द्या, एक काकांकडे. प्रत्येकाकडे पोलरायझर द्या, म्हणजे काही गॉगलना असते तशी काच, हव्या त्या कोनात फिरवता येईल अशी. फोटॉन आरपार गेला तर 'हो', अडला तर 'नाही'. दोघांच्या काचांच्या कोनांत जितका फरक कमी तितकी उत्तरं जुळायची शक्यता जास्त. नेमकं सांगायचं तर ही शक्यता म्हणजे त्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग. आता आजोबांनी काळ्याला काच शून्य अंशावर धरायची, लालला ४५ वर. काकांनी काळ्याला साडेबावीसवर, लालला उणे साडेबावीसवर. वजाबाकी करून बघा. लाल-लाल सोडून तिन्ही वेळा फरक साडेबावीस अंश, म्हणजे उत्तरं बहुधा सारखी. लाल-लालला फरक साडेसदुसष्ट, म्हणजे उत्तरं बहुधा वेगळी. नेमकं हवं तेच! चारही प्रकारांत जिंकायची शक्यता सुमारे ८५.४ टक्के.

७५ च्या पुढचे हे दहा टक्के कुठून आले? आधी ठरवून येत नाहीत, ते आजोबांनीच सिद्ध केलं होतं. खोकूनही आले नाहीत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०१५ मध्ये हा प्रयोग १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनांवर केला. आपल्याकडे चर्चगेट लाइनवरच्या दोन स्टेशनांत साधारण तेवढंच अंतर असतं. प्रकाशालाही ते कापायला चार मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि त्याच्या आत दोन्हीकडची उत्तरं नोंदली गेलेली होती. खोकायला वेळच नाही. तरीही जे आधी ठरवून जमत नाही ते जमलं. अशा प्रयोगांच्या मूळ कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

काकांनी विचारलं, "हे सगळं परदेशातच काय?" मी म्हटलं, "नाही हो, कुलाब्याला टीआयएफआर आहे ना! डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी सहा क्यूबिटचा प्रोसेसर बनवला, २०२४ मध्ये त्याची चाचणी झाली." कुलाबा म्हटल्यावर काकांचा विश्वास बसला.

मग आजोबांनी विचारलं, "म्हणजे ते दोन कण न बोलता एकमेकांचं ओळखतात?"

इथे मी चुकले. संध्याकाळ झाली होती, आजीने थालीपीठं लावली होती, दोन म्हातारे माझ्याकडे शाळेतल्या मुलांसारखे बघत होते. मी म्हणून टाकलं, "हो आजोबा. अगदी तुम्ही आणि काका जसे."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा वहिनी! बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं मी हेच सांगतोय!"

सगळे हसले. वाक्य छान जमलं म्हणून मी ते रात्री हॉस्टेलवर येऊन सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवरही टाकलं.

पुढचे दोन महिने मी 'मूल्य काढणे' या भागाशी झटापट करत होते. मित्रांनो, थोडा धीर धरा, मजा पुढेच आहे.

साधे खेळाडू असतील तर मूल्य काढणं सोपं, निदान तत्त्वतः. आजोबांकडे दोन रंगांसाठी उत्तरं ठरवायचे चार मार्ग, काकांकडे चार, एकूण सोळा जोड्या. सगळ्या तपासा, सर्वांत चांगली निवडा, काम संपलं. पण गुंता वापरणाऱ्या खेळाडूंना गुंत्यावर मर्यादा नाही. एक जोडी वापरा, दहा वापरा, लाख वापरा. यादी संपतच नाही. सीएचएसएचमध्ये एकाच जोडीत काम भागतं, आणि ८५.४ च्या वर कोणीच जाऊ शकत नाही, हे बोरिस त्सिरेल्सन या गणितज्ञाने १९८० मध्ये लेनिनग्राडमध्ये सिद्ध केलं. पण कोणताही खेळ दिला तर काय?

शोध दोन बाजूंनी घेता येतो. खालून असा की एक जोडी वापरून किती टक्के मिळतात ते बघा, मग दोन, मग तीन. आकडा वाढत जातो, 'निदान इतकं तरी' म्हणता येतं. वरून शोधायची रीत नवास्क्वेस, पिरोनियो आणि आसिन या तिघांनी २००७-०८ च्या सुमारास दिली. तिच्यात छत एकेक पायरी खाली येतं, 'याच्या वर नक्की नाही' म्हणता येतं. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा आठवा, साडेसहा किलोमीटरचा. असे लांब बोगदे दोन्ही तोंडांकडून खणायला घेतात आणि मध्ये गाठ पडते. इथेही खालचं आणि वरचं खणणं दर वेळी मध्ये भेटत असेल तर झालंच की! कॉम्प्युटरला दोन्ही कामं आळीपाळीने करायला लावा, फट पुरेशी अरुंद झाली की थांबा, हे तुमचं मूल्य.

१३ जानेवारी २०२० ला झेंगफेंग जी, आनंद नटराजन, थॉमस व्हिडिक, जॉन राइट आणि हेन्री युएन या पाच जणांनी दीडशेहून जास्त पानांचा एक शोधनिबंध जाहीर केला. त्याचं सार असं की अशी रीत नाही. आज सापडलेली नाही असं नव्हे, असूच शकत नाही. अचूक मूल्य सोडा, एखाद्या खेळाचं मूल्य पूर्ण १०० टक्के आहे की ५० च्या आत, एवढा ढोबळ फरकही सर्व खेळांसाठी सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

का? रात्री दोन वाजता असाइनमेंटचा प्रोग्रॅम रन केलाय आणि कर्सर नुसता लुकलुकतोय, हा अनुभव सगळ्यांना आहे. थांबेल की अनंत लूपमध्ये गेलाय? वाट बघावी की कंट्रोल-सी दाबावं? कोणत्याही प्रोग्रॅमबद्दल हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलंय. या पाच जणांनी प्रत्येक प्रोग्रॅमपासून एक खेळ बनवायची रीत दिली. प्रोग्रॅम कधीतरी थांबणार असेल तर त्या खेळाचं मूल्य १०० टक्के, कधीच थांबणार नसेल तर ५० किंवा कमी. आता खेळाचं मूल्य काढता आलं तर प्रोग्रॅम थांबेल की नाही तेही कळेल. ते कळू शकत नाही, म्हणून मूल्यही काढता येत नाही. आणि मग ओघाने आलंच की कुठला तरी खेळ असा आहे ज्यात वरचा आणि खालचा बोगदा भेटतच नाहीत. १९७६ पासून गणितात उभा असलेला ॲलेन कोनचा एक प्रसिद्ध तर्कही याच फटक्यात खोटा ठरला.

या निबंधाच्याही मागे एक गंमत आहे. तो ज्या एका जुन्या निकालावर उभा होता त्यात पुढे चूक सापडली. लेखकांनी ती झाकली नाही. त्याच वर्षी वेगळ्या वाटेने तो भाग पुन्हा सिद्ध करून दिला.

पण माझ्या मनात राहिला तो त्सिरेल्सन. वरचं आणि खालचं खणणं एकाच ठिकाणी पोचतं, अशा अर्थाचं एक विधान त्याने १९९३ मध्ये लिहून टाकलं होतं. सिद्धता दिली नव्हती, सहज वाटलं म्हणून लिहिलं. बऱ्याच वर्षांनी त्याला विचारणा झाली, सिद्धता कुठे आहे? त्याने शोधली, सापडेना. मग त्याने स्वतःच जाहीर केलं की हे मला सिद्ध करता येत नाही, हा उघडा प्रश्न समजा. 'त्सिरेल्सनचा प्रश्न' म्हणून तो प्रसिद्ध झाला. २०२० च्या निबंधाने त्याचंच उत्तर दिलं, आणि ते त्याच्या वाक्याच्या विरुद्ध निघालं. निबंध जाहीर झाल्यानंतर आठ दिवसांनी, २१ जानेवारी २०२० ला, त्सिरेल्सन वारला.

हे मी वहीत लिहून ठेवलं. सेमिनारला 'इंटरेस्टिंग फॅक्ट' म्हणून उपयोगी पडेल असं वाटलं होतं.

जानेवारीत लालबागचे काका गेले. झोपेतच गेले. डोंबिवलीहून त्यांच्या मुलाचा फोन सकाळी सातला आला. मी हॉस्टेलवर होते, मला दुपारी कळलं. त्या रविवारी गेले तेव्हा गॅलरीतली सतरंजी घडी करून ठेवलेली होती. आजोबा खुर्चीत बसून खालचा रस्ता बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"त्या रात्री तीनला मला जाग आली. काही कारण नाही. छातीत कसंतरी झालं. डॉक्टर म्हणाले तो पहाटेच गेला असणार." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या त्या गुंत्यामुळेच ना?"

आजी आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, की आजोबांना रोजच तीनला जाग येते. ती काही बोलली नाही.

'हो' म्हणणं किती सोपं होतं! एकदा म्हटलं होतंच. त्यांना बरं वाटलं असतं, माझं काय गेलं असतं? सेमिनार हॉलमध्ये आजोबा थोडेच येणार होते. पण मला सारखं ते १९९३ चं वाक्य आठवत होतं. आणि हेही वाटत होतं की हा माणूस कालनिर्णयच्या मागे सिद्धता लिहिणारा आहे. कधीतरी तो स्वतःच सगळं पुन्हा जुळवून बघेल, आणि नात आपल्याला बहलवत होती हे त्याच्या लक्षात येईल.

मी म्हटलं, "नाही आजोबा. गुंत्यातून निरोप जात नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सांगत गेले. एकट्या आजोबांचा कागद बघितला तर त्यावर निम्मे 'हो', निम्मे 'नाही', नाणं उडवल्यासारखे. काकांनी काच कशीही फिरवली, फिरवली नाही, त्यांचा फोटॉन नष्ट झाला, तरी आजोबांच्या कागदावर काहीही फरक पडत नाही. इकडचं तिकडे काही कळत नाही. दोन्ही कागद कोणीतरी शेजारी ठेवले की मगच दिसतं की उत्तरं ठरवून जुळली असती त्यापेक्षा जास्त जुळली आहेत. "मागे मी म्हटलं ना, तुम्ही आणि काका जसे... ते मी चुकीचं बोलले. मला ते नीट समजलं नव्हतं. छान वाटलं म्हणून बोलले."

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

आजोबांनी विचारलं, "पण ते पंच्याऐंशी? ते खरं?"

"ते खरं. ते मोजलेलं आहे."

"निरोप नाही, तरी पंच्याऐंशी."

"हो."

"बरं," आजोबा म्हणाले. मग आजीकडे न बघता, मला म्हणाले, "मीही एक सांगतो. खुणा होत्या."

आजी म्हणाली, "मला माहीत नव्हतं वाटतं!"

"पण सगळे डाव खुणांनी नाही हं जिंकलो," आजोबा म्हणाले. "काही वेळा त्याने खूण केलेली नसायची. मीही काही बघितलेलं नसायचं. तरी पान बरोबर पडायचं."

आजीने यावर वाद घातला नाही. तिने आत जाऊन चहा टाकला.

सेमिनार फेब्रुवारीत झाला. पहिली स्लाइड मी काढून टाकली. सरांनी एकच प्रश्न विचारला, "मग एन्टँगलमेंट वापरून मोबाईल नेटवर्कशिवाय मेसेज पाठवता येईल का?" मी म्हटलं, "नाही सर." याचं उत्तर मला पाठच होतं. मार्क बरे पडले.

त्याच्या पुढच्या रविवारी गिरगावला गेले तर गॅलरीत सतरंजी अंथरलेली होती आणि मावशी पत्ते पिसत होत्या. आजोबांच्या समोरची जागा रिकामी होती. कोणी काही बोललं नाही. मी चप्पल काढली आणि तिथे जाऊन बसले.

मला मेंढीकोट येतो असा माझा समज होता. पहिल्याच डावात मी हुकमाची मेंढी आजीच्या एक्क्याखाली घातली. दुसऱ्यात आजोबांनी बदामाची उतारी केली आणि मी काय समजून चौकट टाकली हे मलाही सांगता येणार नाही, कारण बदामाचा राजा माझ्या हातात होता. चारही मेंढ्या समोर गेल्या. कोट! आजी आणि मावशींनी टाळ्या दिल्या. चाळीस वर्षांचा हिशेब त्या एका दुपारी वसूल करत होत्या. पाच डाव झाले, पाचही हरलो. आमच्या जोडीची किंमत खालून शोधायला घेतली तर पहिला आकडा आला शून्य. निदान यापेक्षा कमी तरी होणार नाही.

निघताना आजोबा जिन्यापर्यंत आले. मी पायऱ्या उतरायला लागले तशी त्यांनी हाक मारली. वळून बघितलं तर ते आजी मागे नाही ना याची खात्री करत होते. मग हळूच कान खाजवला.

"बदाम," मी म्हटलं.

"हं. बाकीच्या पुढच्या रविवारी. लवकर ये."